पाणीसुद्धा अडकतं, डॉक्टर

पाणी अडकतं हे लोकांना पटवून देण्यातच माझा निम्मा आजार गेला. घास अडकतो म्हटलं की ऐकणाऱ्याला कारणं पटापट सुचतात. भाकरी कोरडी असेल, घाईत खाल्लं असेल, नीट चावलं नसेल. पण पाण्याचा घोट छातीच्या मध्यावर येऊन थांबतो म्हटलं की समोरचा आधी तुमच्याकडे बघतो आणि मग नवऱ्याकडे. आमच्या जवळच्या डॉक्टरांनी तर सरळ विचारलं, "घरात काही टेन्शन वगैरे?"

टेन्शन कुणाच्या घरात नसतं? मी सातपूरला एका कंपनीत अकाउंट्स बघते. मार्च एंड आहे, जीएसटी आहे, मुलाची बारावी होती. पण टेन्शनने पाणी अडकत असतं तर आमचं अख्खं डिपार्टमेंट तहानेनं मेलं असतं. डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी, पॅन्टोप्राझोल, लिहून दिली, रोज सकाळी उपाशीपोटी एक. वर तिखट बंद, चहा बंद. ही गोळी मी दोन वर्षं इमानेइतबारे घेतली.

सुरुवात पावापासून झाली होती. रविवारी सकाळी मिसळ खायला जायचं हा नाशिककरांचा नेम, आमचाही होता. रस्सा सरळ उतरायचा, मटकीही जायची, पण पावाचा घास छातीच्या हाडामागे येऊन बसायचा. आधी महिन्यातून एखाद्या वेळी, मग दर रविवारी. मग पोळी, मग मोकळा भात. पुढे द्राक्ष अडकलं. निफाड-दिंडोरीकडून पेट्याच्या पेट्या घरी येणाऱ्या माणसाने द्राक्षं चिरून खायची म्हणजे काय ते नाशिकच्या बाहेर कुणाला कळायचं नाही. आणि साधारण वर्षभरात पाणीही. गारठ्यात फ्रीजचं पाणी तर छातीत नुसतं कळ मारायचं. कोमट पाणी त्यातल्या त्यात बरं जायचं.

मग माझ्या युक्त्या सुरू झाल्या. घास बसला की उठून उभं राहायचं, खांदे मागे ओढायचे, हात वर करायचे, श्वास रोखून धरायचा आणि कोमट पाण्याचे दोन-तीन मोठे घोट वरून ढकलायचे. सगळं जमून आलं तर आत काहीतरी सटकतं आणि घास खाली पडतो, तो पडताना अगदी जाणवतो. नाही जमलं तर बेसिन गाठायचं. कॅन्टीनमध्ये हे करता येत नाही. म्हणून डब्यात ताक-भात न्यायला लागले, तोही इतरांचं जेवण उरकल्यावर एकटीने खायचा. लग्नाच्या पंगतीत तर मी वाढणाऱ्यांत उभी राहायचे. सगळे म्हणायचे, हौशी आहे. एकादशी मात्र मला आवडायला लागली, कारण भगर-आमटी न चावताही उतरते. सासूबाईंना वाटलं, सून धार्मिक झाली.

मधल्या काळात एक एंडोस्कोपी झाली. रिपोर्टात जठराला किंचित सूज एवढंच. अन्ननलिका नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरात तुमची बाजू आणखी लंगडी पडते. "बघ, काही नाहीये" असं सगळे प्रेमाने म्हणतात. आता मला ठाऊक आहे की या आजारात सुरुवातीला दुर्बिणीतून सगळं ठीकठाक दिसू शकतं. दुर्बीण नळीचं आतलं अस्तर दाखवते. नळी हलते कशी, झडप उघडते का, हे मोजायचं तिचं काम नाही. हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही.

वजन उतरत गेलं. ब्लाउज सैल झाले, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. ऑफिसातल्या दोघीतिघींनी डाएट विचारलं. नणंदेने दृष्ट काढली. सासूबाईंनी वणीच्या देवीला नवस बोलला. आणि नवरा रात्री मोबाइलवर काहीतरी वाचत बसायचा आणि मी जवळ गेले की स्क्रीन बंद करायचा. तो शब्द आमच्या घरात कुणीच उच्चारला नाही, पण प्रत्येकाच्या डोक्यात तोच होता.

शेवटी गंगापूर रोडच्या एका पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो. तरुण डॉक्टर, बाहेर ही गर्दी. माझी फाईल त्यांनी उघडलीच नाही, बाजूला ठेवली. म्हणाले, "ताई, रिपोर्ट मी नंतर बघतो. आधी सांगा, घट्ट अडकतं की पातळ?"

"दोन्ही. पाणीसुद्धा."

मला वाटलं, आता हेही नवऱ्याकडे बघणार. ते पुढे सरकून बसले. "रात्री आडवं झाल्यावर काही वर येतं?"

येतं. रोजच येत होतं. सकाळी उशीच्या अभ्र्यावर ओला डाग असायचा आणि त्यात रात्रीच्या भाताची शितं. अख्खी. मध्यरात्री ठसका लागून उठायचे तेव्हाही तोंडात हेच. मला याची इतकी लाज वाटायची की अभ्रा मी कुणी उठायच्या आत धुवायला टाकायचे. नवऱ्यालासुद्धा हे पहिल्यांदा त्या केबिनमध्ये कळलं.

"चव कशी असते? आंबट? कडू?"

मी जरा विचार केला. "नाही. भाताची असते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा करून त्यावर एक लांब नळी काढली. म्हणाले, ॲसिडिटीत जे वर येतं ते जठरातून येतं, म्हणून आंबट लागतं, जळजळतं. तुमचा भात रात्रभर जठरात पोचलेलाच नाही. तो नळीतच थांबला आणि तुम्ही आडव्या झाल्यावर परत आला. त्याला आंबट व्हायला ॲसिड मिळालंच नाही.

दोन वर्षांच्या गोळ्यांचा हिशेब त्या एका वाक्यात लागला. संतापही आला, आणि आपण खोटं बोलत नव्हतो याने इतकं हलकं वाटलं की मी तिथेच रडले.

त्यांनी कागदावर जे समजावलं ते असं. अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब, स्नायूंची. आपण गिळलं की तिच्यात वरून खाली एक लाट जाते आणि घास पुढे ढकलते, त्यामुळे माणूस शीर्षासनातही गिळू शकतो. तळाशी, जठराच्या तोंडावर, स्नायूंचं एक कडं असतं. ते एरवी आवळलेलं आणि गिळताना क्षणभर सैल. हे सगळं चालवणाऱ्या चेतापेशी नळीच्या भिंतीतच असतात. काही लोकांत त्या हळूहळू मरतात. बहुधा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटते. मग लाट थांबते आणि कडं सैल व्हायचं विसरतं. अन्न वजनाने जेवढं खाली पडेल तेवढं पडतं, उरलेलं साचतं. आजाराचं नाव अकॅलेशिया. वर्षाला साधारण लाखात एकाला नव्याने होतो.

"मी लग्नाच्या वेळेपासून म्हणतोय, लाखात एक आहे," नवरा म्हणाला. डॉक्टर हसले. मीही हसले असणार.

पण हे निदान नव्हे, संशय आहे, असं त्यांनी बजावलं. घट्ट आणि पातळ दोन्ही अडकत असेल तर बिघाड हालचालीचा असण्याची शक्यता जास्त. नळी आतून अरुंद होत गेली असेल, म्हणजे ॲसिडने जखमा होऊन किंवा गाठीमुळे, तर आधी घट्ट अडकतं आणि पातळ अडकायला बराच काळ जातो. पण जठराच्या तोंडाशी गाठ असली तर ती हुबेहूब अकॅलेशियाचं सोंग आणू शकते, आणि माझं वजन उतरलं होतं. म्हणून एंडोस्कोपी परत, या वेळी नीट त्या तोंडाशी बघून, आणि छाती-पोटाचा सीटी स्कॅन.

एंडोस्कोपीच्या बाहेरच्या बाकावर बसलं की अन्ननलिकेचे किती प्रकार असतात ते कळतं. माझ्या शेजारी सिन्नरकडचे एक आजोबा होते, जन्मभर तंबाखू खाल्लेली, आता कॅन्सरच्या गाठीतून वाट काढायला जाळीची नळी बसवायला आलेले. पलीकडे एक शाळकरी पोरगं. लहानपणी पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं संडास धुवायचं ॲसिड प्यायला होता, नळी भाजून आकसली, तेव्हापासून अधूनमधून ती रुंद करून घ्यायला येतो. त्याची आई मला सांगत होती, तो आपला गेम खेळत होता. कृपा करून असली ॲसिडं पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. एवढं सांगून पुढे जाते.

दुर्बिणीत या वेळी नळीत साचलेलं पाणी दिसलं. तळाशी दुर्बीण किंचित अडली, हलका दाब दिल्यावर पलीकडे गेली. गाठ नाही. सीटीतही नाही. त्या रात्री नवऱ्याने मोबाइल लवकर ठेवला.

मग बेरियमचा एक्स-रे. उभं राहून खडू दळून पाण्यात कालवल्यासारखं पांढरं औषध प्यायचं आणि ते खाली उतरताना फोटो काढतात. एक मिनिटाने, दोन मिनिटांनी, पाच मिनिटांनी. निरोगी माणसाचं तोवर सगळं उतरून गेलेलं असतं. माझ्या पाचव्या मिनिटाच्या फोटोतही पांढरा स्तंभ उभाच होता. वर फुगलेला आणि खाली एकदम निमुळता, पुस्तकात ज्याला पक्ष्याची चोच म्हणतात तसा. टेक्निशियनने स्क्रीन माझ्याकडे वळवली. इतकी वर्षं मी जे हाताने छातीवर दाखवत होते, "इथे, इथे थांबतं", ते बरोबर तिथेच होतं.

शेवटची आणि खरी तपासणी मॅनोमेट्री, म्हणजे गिळताना नळीतला दाब मोजणं. आमच्या डॉक्टरांकडे ते मशीन नव्हतं, म्हणून मुंबईला पाठवलं. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली. उपाशीपोटी पंचवटीत बसणं हीच एक परीक्षा आहे. कसारा येईपर्यंत डब्यातून चहा, कॉफी, ऑम्लेट, वडा सगळं तुमच्या नाकाखालून जातं. मला आदल्या दिवसापासूनच फक्त पातळ, कारण नळीत काही साचलेलं असलं तर तपासणी बिघडते आणि ठसका लागायची भीतीही असते.

मॅनोमेट्रीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिलाच लोक घाबरतात आणि तिच्याबद्दल कुणी धड सांगत नाही. भूल देत नाहीत. देऊन चालतच नाही, गिळायचं तुम्हालाच असतं. नाकात बधिर करणारी जेली घालतात आणि बॉलपेनच्या रिफिलपेक्षा थोडी जाड, लवचीक नळी नाकातून घशात सोडतात. घशाच्या वळणावर उमाळा येतो, तो वाईट असतो, खोटं कशाला सांगू. माझ्या डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या. तिथली सिस्टर म्हणाली, "मॅडम, हनुवटी छातीला लावा आणि गिळत राहा, नळीला तुम्हीच आत घ्या." हनुवटी खाली केल्यावर खरंच सोपं गेलं. खालच्या कड्यातून नळी पलीकडे जायला माझ्याबाबतीत वेळ लागला, ते तर होणारच होतं. एकदा जागेवर बसली की दुखत नाही, नुसती टोचते. मग झोपवून सिरिंजने तोंडात ५ मिली पाणी घालतात आणि सांगितल्यावर एकदाच गिळायचं. असं दहा वेळा. मधल्या वेळात आवंढा गिळायचा नाही. हेच सगळ्यात कठीण, कारण गिळू नका म्हटलं की तोंडात लाळच लाळ.

नळीवर सेन्सर असतात, प्रत्येक ठिकाणचा दाब रंगात दिसतो. निळा कमी, लाल जास्त. निरोगी गिळण्यात रंगाचा एक तिरका पट्टा वरून खाली उतरत जातो. माझ्या स्क्रीनवर तिरकं काहीच नव्हतं. पाणी गिळलं की पूर्ण नळीत एकाच वेळी उभा पट्टा, आणि खाली कड्याचा दाब तसाच्या तसा. गिळताना तो सैल होऊन साधारण १५ च्या खाली यायला हवा, माझा २८. रिपोर्टात लिहिलं, अकॅलेशिया टाइप २. तीन प्रकारांत हा उपचारांना सगळ्यात चांगला दाद देणारा, असं कळलं. आजारातही नशीब असतं.

उपचारांबद्दल एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी लागते. मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. लाट परत सुरू होत नाही. जे काही करतात ते फक्त खालचं कडं ढिलं करण्यासाठी, म्हणजे अन्न आपल्या वजनाने खाली पडेल. नवऱ्याला हे पचायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. त्याला "पूर्ण बरं" असं कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

गोळ्या आहेत, पण त्यांचा उपयोग तुटपुंजा. कड्यात बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, त्याचा परिणाम बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो, म्हणून ते वयस्कर किंवा भूल न सोसणाऱ्या माणसांसाठी. मग फुगा. कड्यात ३० मिलिमीटरचा फुगा ठेवून फुगवतात आणि स्नायूचे धागे फाडतात. गरज पडली तर नंतर ३५ चा. ऑपरेशन नाही, पण पुन्हा करावा लागू शकतो आणि नळीला भोक पडायचा थोडा धोका असतो. चौथा, हेलर मायोटॉमी, म्हणजे पोटातून जाऊन कड्याचा स्नायू बाहेरून कापायचं ऑपरेशन. अर्न्स्ट हेलर या जर्मन सर्जनने १९१३ मध्ये पहिल्यांदा केलेली, आता दुर्बिणीतून करतात. पाचवा पोएम, जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये पहिल्यांदा माणसावर केलेला. यात पोटावर एकही छेद नाही. तोंडातून दुर्बीण घालून अस्तराखाली बोगदा करत जातात आणि आतून स्नायू कापतात.

माझ्यापुढे शेवटी पोएम आणि हेलर उरले. पोएमसाठी मला मुंबई गाठावी लागणार होती, हेलर नाशिकमध्येच होणार होतं. छेद नाही या गोष्टीचं सगळ्यांनाच आकर्षण वाटतं. नवऱ्याचं मत पोएमकडे. सर्जननी मात्र सरळ आकडे सांगितले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दोन वर्षांनी पोएमचे ८३ टक्के आणि हेलरचे सुमारे ८२ टक्के पेशंट ठीक होते, म्हणजे फरक नाही. पण ॲसिड वर येऊन नळीला सूज पोएममध्ये ४४ टक्क्यांना, हेलरमध्ये २९ टक्क्यांना. कारण हेलर करताना जठराचा वरचा भाग कापलेल्या जागेवर अर्धवट दुमडून शिवतात, तो आडोसा होतो. पोएममध्ये तो नसतो. टाइप ३ असता तर पोएमच सुचवला असता, कारण त्यात नळीवर लांबपर्यंत कापावं लागतं, असंही त्यांनी आपणहून सांगितलं. मला हा माणूस आवडला. मी हेलर निवडलं. शिवाय सासूबाईंना रोज हॉस्पिटलमध्ये येता येणार होतं, आणि ते मला हवं होतं.

मेडिक्लेमवाल्यांनी मध्येच खुसपट काढलं. जठराला टाका म्हटल्यावर त्यांना वाटलं वजन कमी करायचं ऑपरेशन आहे. अकाउंट्सवाल्या बाईशी गाठ होती. वजनाचे जुने-नवे रिपोर्ट, मॅनोमेट्री, सर्जनचं पत्र, सगळं नंबर टाकून पाठवलं. मंजूर झालं.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं फार नाही, मी झोपले होते. पोटावर पाच छोटी भोकं. नळीवर साधारण सहा सेंटीमीटर आणि पुढे जठरावर दोनेक सेंटीमीटर एवढा स्नायू कापला, आतलं अस्तर शाबूत ठेवून. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा उजवा खांदा दुखत होता. पोटात भरलेल्या गॅसमुळे होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये औषध पाजून कुठे गळती नाही ना हे बघितलं. नाही म्हटल्यावर सिस्टरने पाण्याचा ग्लास दिला. मी सवयीने खांदे मागे ओढले, श्वास रोखला, घोट घेतला. आणि तो गेला. मला वाटलं मी घेतलाच नाही. परत घेतला.

पुढचे काही आठवडे भाताची पेज, मुगाचं वरण, गुरगुट्या भात. सासूबाई प्रत्येक घासाला विचारायच्या, "गेला का गं?" पोळी आली ती दुधात कुस्करून. भाकरी बरीच उशिरा, तीही आमटीत बुडवून. कोरडी भाकरी आणि पाव अजूनही रेंगाळतात, वरून पाणी लागतं. मी जेवते ताठ बसून, सावकाश. झोपायच्या आधी तीन तास पोटात काही नाही. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घातल्यात, त्यामुळे नवराही तिरका झोपतो. वजन बऱ्यापैकी भरून आलंय, आणि वणीला जाऊन नवसही फेडून झाला. सासूबाईंच्या मते श्रेय कुणाचं ते उघड आहे, मी वाद घालत नाही.

डॉक्टर दर वेळी एक छोटा हिशेब करतात. अडकणं, वर येणं, छातीत दुखणं आणि वजन, चारही गोष्टींना शून्य ते तीन गुण. बारापैकी माझे आधी नऊ होते, आता दोन. तीनपर्यंत चालतं. यंदा परत बेरियम आहे, आणि पुढे काही वर्षांच्या अंतराने एंडोस्कोपी, कारण या आजारात नळीच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढलेला राहतो. आणि हो, पॅन्टोप्राझोल परत सुरू झाली आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक. आता झडप उघडी आहे, ॲसिड वर येऊ शकतं, तेव्हा या वेळी ती लागू आहे. मेडिकलवाल्याने पुडी बांधताना विचारलं, "काय मॅडम, ॲसिडिटी अजून गेली नाही?" मी म्हटलं, आत्ताच तर झालीय.